खोल समुद्रातील मासे काय खातात?

प्राथमिक शाळेत अन्नसाखळीचा पाठ शिकविताना शिक्षक बहुधा गवत, टोळ, बेडूक, साप आणि घार हे उदाहरण घेतात. फळ्यावर बाणांची ओळ काढली जाते आणि सर्वांच्या वर सूर्याचे चित्र येते. मुलांना हा पाठ सहज समजतो, कारण यातील प्रत्येक प्राणी त्यांनी बांधावर किंवा ओढ्याकाठी पाहिलेला असतो. अशा वेळी एखादा चौकस मुलगा विचारतो, “गुरुजी, समुद्राच्या तळाशी ऊन पोहोचत नाही, मग तिथले मासे काय खातात?” या प्रश्नास “ते लहान मासे खातात” असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ते लहान मासे काय खातात, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्या मुलाने नकळत विषयाच्या मर्मावरच बोट ठेवलेले असते. त्याचे पूर्ण समाधान करता यावे, एवढ्यासाठी शिक्षकाजवळ जी माहिती असणे अवश्य आहे ती येथे संकलित केली आहे.

अंधार, थंडी आणि दाब

महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी सरासरी ठिकाणी ती पाण्याच्या वर येणार नाही. या अफाट जलराशीत सूर्यप्रकाशाचा प्रवेश मात्र अगदी वरच्या थरापुरताच आहे. २०० मीटरांच्या खाली वनस्पतींना अन्न तयार करण्याइतका प्रकाश मिळत नाही. २०० ते १,००० मीटरांच्या पट्ट्यात भर दुपारीही संधिप्रकाशासारखा निळसर उजेड असतो आणि तोही खाली जावे तसतसा क्षीण होत जातो. १,००० मीटरांच्या खाली सूर्याचा प्रकाश मुळीच पोहोचत नाही.

तेथील पाणी अतिशय थंड असते. दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढत जातो. तथापि थंडी आणि दाब यांच्याशी खोल पाण्यातील माशांच्या शरीराने जुळवून घेतले आहे. त्यांच्यापुढील खरी अडचण अन्नाची आहे. शेवाळ नाही, पाणवनस्पती नाही, हिरवे असे काहीच नाही. खोल समुद्रातील माशांची विचित्र रूपे पाहून मुलांना आश्चर्य वाटते. परंतु त्या प्रत्येक रूपामागे “पुढचा घास केव्हा मिळेल याचा नेम नाही” ही एकच परिस्थिती आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तीच रूपे अर्थपूर्ण वाटू लागतात.

वरून झिरपणारे अन्न

समुद्राच्या प्रकाशित थरात डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांस वनस्पतिप्लवक म्हणतात. समुद्राचे शेत ते हेच. या वनस्पतींवर प्राणिप्लवक, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान कवचधारी जीव, चरतात. त्यांच्यावर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे जगतात. या सर्व व्यवहारातून जे उरते, म्हणजे मेलेले प्लवक, प्राण्यांची विष्ठा, गळून पडलेली कवचे, चिकट द्रवाचे धागे, ते एकमेकांस चिकटून त्यांचे लहान लहान पुंजके बनतात आणि सावकाश खाली उतरू लागतात. पाणबुडीच्या दिव्याच्या झोतात हे पांढुरके कण भुरभुरणाऱ्या हिमासारखे दिसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी यास ‘सागरी हिम’ असे नाव दिले आहे.

या कणांस तळ गाठण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. वाटेत ठिकठिकाणचे जीव आणि जिवाणू त्यांतील सकस भाग काढून घेतात. वरच्या थरात तयार झालेल्या अन्नापैकी खोल तळापर्यंत पोहोचणारा अंश शेकडा एक ते तीन एवढाच असतो. गावच्या पाटाला पाणी सुटावे, वरच्या शेतकऱ्यांनी आपापली शेते भिजवावीत आणि टोकाच्या शेताला जेमतेम ओल मिळावी, तशीच ही स्थिती आहे. खोल समुद्रातील जवळजवळ सर्व अन्नाचे मूळ हे टोकाशी आलेले पाणी होय.

रोज रात्री वर येणारे मासे

अन्न खाली येण्याची वाट न पाहता स्वतःच वर जाणारेही मासे आहेत. त्यांत कंदील मासे प्रमुख होत. त्यांच्या सुमारे २५० जाती ज्ञात असून बहुतेक जाती बोटाएवढ्या ते वीतभर लांबीच्या असतात. त्यांच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या बारीक ग्रंथी ओळीने असतात. दिवसा हे मासे काही शे मीटर खोल अंधारात राहतात. सूर्य मावळला की त्यांचे प्रचंड थवे वर येऊन रात्रभर प्राणिप्लवकांवर चरतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा खाली उतरतात. दिवसा वर राहिल्यास मोठे मासे आणि पक्षी त्यांना टिपतील. म्हणून अंधारात चरावे आणि अंधारातच लपावे, असा त्यांचा क्रम असतो.

या ये-जा करण्याचा शोध मोठ्या गमतीने लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याखालील वस्तूंचा वेध घेताना, समुद्राचा तळ फार खोल असतानाही मधल्याच थरातून प्रतिध्वनी येऊ लागले. हा खोटा तळ रात्री वर सरकत असे आणि दिवसा खाली जात असे. पुढे उलगडा झाला की, हा तळ नसून जिवंत प्राण्यांचा दाट थर आहे, आणि त्यातील माशांच्या हवेने भरलेल्या वाताशयांवरून ध्वनी परत फिरत आहे.

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. अरबी समुद्रात कंदील मासे फार मोठ्या संख्येने आहेत. या समुद्राच्या मधल्या थरातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असतो. अशा पाण्यातही ते दिवस काढू शकतात, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. हे मासे वर खाऊन खाली जातात आणि तेथे मोठ्या माशांचे भक्ष्य होतात. अशा रीतीने ते वरचे अन्न खोल पाण्यात पोहोचवितात.

वाट पाहणारे शिकारी

ज्या पाण्यात भक्ष्य विरळ असते तेथे पाठलाग परवडत नाही. पळण्यात खर्च झालेली शक्ती भरून निघेल याची खात्री नसते. त्यामुळे खोल पाण्यातील अनेक शिकारी मासे जवळजवळ निश्चल राहतात. त्यांचे स्नायू मऊ व पाणीदार आणि हाडे हलकी असतात, आणि शरीर चालविण्यास अन्न कमी लागते.

अँग्लर मासा हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या माशाच्या मादीच्या डोक्यावर गळाच्या काठीसारखा एक अवयव असून त्याच्या टोकाशी प्रकाश देणारा गोळा असतो. हा प्रकाश माशाचा स्वतःचा नसून त्या गोळ्यात राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. मिणमिणत्या ठिपक्याकडे भक्ष्य आले की मादी तोंड उघडते आणि पाण्यासह ते आत ओढून घेते. याच माशांच्या काही जातींत नराची पोट भरण्याची तऱ्हा त्याहूनही आश्चर्यकारक आहे. नर अगदी लहान असतो. तो मादीच्या अंगास चावा घेऊन चिकटतो आणि कालांतराने दोघांची कातडी व रक्तवाहिन्या एक होतात. त्यानंतर मादीच्या रक्तातूनच त्याचे पोषण होते. १९२२ साली आइसलँडच्या शास्त्रज्ञाने मादीस चिकटलेले असे लहान मासे पाहिले, तेव्हा ती तिची पिले असावीत असे त्यास वाटले. हे नर आहेत, हे १९२५ साली चार्ल्स टेट रीगन यांनी दाखवून दिले.

व्हायपर मासा सुमारे फूटभर लांबीचा असतो. त्याचे दात एवढे लांब असतात की मिटलेल्या तोंडात ते मावत नाहीत. सापडलेले भक्ष्य सुटून जाऊ नये यासाठी हा पिंजरा आहे. ब्लॅक स्वॉलोअर हा मासा वीतभर लांबीचाच, परंतु त्याचे पोट रबरी फुग्यासारखे ताणते आणि तो स्वतःहून मोठा मासा अखंड गिळू शकतो. २००७ साली कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटाजवळ असा एक मासा मेलेला सापडला. त्याची लांबी १९ सेंटिमीटर होती आणि पोटात ८६ सेंटिमीटर लांबीचा मासा होता. एवढा मोठा घास पचण्यापूर्वीच कुजू लागतो आणि त्या वायूमुळे गिळणारा मासा पृष्ठभागावर तरंगत येतो. म्हणजे कधी कधी घासच घातक ठरतो. तथापि पुढचा घास केव्हा मिळेल हे ठाऊक नसताना, मिळालेला सोडणेही त्यास परवडण्यासारखे नसते.

येथे आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. खोल पाण्यातील पुष्कळसे भक्ष्यप्राणी स्वतः प्रकाश देतात. ते गिळल्यावर पोटातून उजेड बाहेर दिसला, तर गिळणाऱ्याचाच ठावठिकाणा शत्रूस कळेल. म्हणून अनेक खोल पाण्यातील माशांच्या पोटाचे अस्तर काळे असते.

मोठे तोंड, लहान घास

चित्रांच्या पुस्तकांत हे मासे राक्षसी आकाराचे दाखविण्याची रीत पडली आहे. त्यामुळे मुलांच्या मनात दोन गैरसमज घर करतात. पहिला असा की, हे सर्व प्राणी अजस्र असतात. वास्तविक गळवाल्या माशाची बऱ्याच चित्रांत दिसणारी जात मादी असूनही वीतभराहून फारशी मोठी नसते, आणि तिचा नर सुमारे ३ सेंटिमीटरांचा असतो. काही मोठ्या जाती आहेत, परंतु त्या थोड्या.

दुसरा गैरसमज असा की, मोठ्या तोंडाचा मासा मोठाच घास घेतो. गल्पर नावाच्या वामेसारख्या माशाचे तोंड त्याच्या शरीराच्या मानाने विलक्षण मोठे असते. परंतु त्याच्या पोटात मुख्यतः लहान कवचधारी प्राणीच सापडतात. मॅलॅकॉस्टियस नावाच्या माशाचा जबडाही मोठ्या शिकारीसाठीच घडविलेला वाटतो, तरी तो पुष्कळसे अतिसूक्ष्म प्राणिप्लवक खातो. बहुतेक खोल पाण्यातील प्राण्यांना लाल प्रकाश दिसत नाही. हा मासा मात्र लाल प्रकाश सोडतो आणि त्या प्रकाशात पाहूही शकतो. त्याच्या डोळ्यातील लाल प्रकाश ग्रहण करणारे द्रव्य हरितद्रव्यापासून बनलेले असून ते त्यास अन्नातून मिळत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे वर उन्हात तयार झालेले द्रव्य अन्नाच्या साखळीतून खाली येऊन अंधारातील माशास दृष्टी देते.

तळावरील खाणारे

तळाशी राहणाऱ्या माशांच्या तऱ्हा निराळ्या आहेत. तिपाई मासा आपल्या परांच्या तीन लांब काड्यांवर चिखलात उभा राहतो. या काड्या सुमारे मीटरभर लांब असू शकतात. त्याचे डोळे अगदी बारीक असतात. तो प्रवाहाकडे तोंड करून पुढचे पर हातांप्रमाणे पसरतो आणि वाहत आलेल्या लहान प्राण्यांचा स्पर्श झाला की त्यांना तोंडात घेतो.

रॅटटेल म्हणजे उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे मासे तळालगत फिरत मेलेले प्राणी शोधतात. आमिष बांधलेला कॅमेरा हजारो मीटर खोल सोडला असता पुष्कळदा तासाभराच्या आतच हे मासे वासावरून तेथे येऊन पोहोचतात. कधीमधी मेलेला देवमासा तळाशी जातो. अशा वेळी तेथे जणू मोठी पंगतच बसते. १९८७ साली कॅलिफोर्नियाजवळ १,२४० मीटर खोलीवर एका देवमाशाच्या सांगाड्याभोवती जगणाऱ्या जीवांची वस्ती प्रथम आढळली. अशा शवाचे मांस शार्क आणि हॅगफिश खातात. हॅगफिशला जबडा नसतो. मांसाचा तुकडा तोडण्यासाठी तो स्वतःच्या शरीराची गाठ मारतो आणि त्या गाठीच्या आधाराने ओढतो. पाण्यात विरघळलेले पोषक पदार्थ तो कातडीतूनही शोषून घेऊ शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मांस संपल्यानंतर हाडांतील स्निग्धांशावर जिवाणू आणि इतर जीव अनेक वर्षे जगतात.

अतिखोल खंदकांत मात्र एक निराळीच स्थिती आढळते. खंदकाच्या उतारांवरून अन्नकण घसरत तळाशी जमतात. तेथे कोळंबीसारखे दिसणारे लहान कवचधारी प्राणी विपुल असतात आणि त्यांवर स्नेलफिश नावाचे मऊ, फिकट मासे जगतात. २०२२ साली जपानजवळील खंदकात ८,३३६ मीटर खोलीवर असा मासा कॅमेऱ्याने टिपला. याहून अधिक खोलीवर मासा पाहिल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती.

सूर्यावाचून तयार होणारे अन्न

१९७७ सालापर्यंत सर्व सागरी जीवांचे अन्न अखेर सूर्यप्रकाशातूनच येते असे मानले जाई. त्या वर्षी गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर समुद्रतळाच्या भेगांतून निघणारे उष्ण झरे सापडले आणि त्यांच्याभोवती शिंपले, कृमी व खेकडे यांची दाट वस्ती दिसली. तेथील जिवाणू झऱ्यांच्या पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडपासून शक्ती मिळवून अन्न तयार करतात. अशा झऱ्यांजवळ राहणारे काही मासे तेथील लहान शंखधारी व कवचधारी जीव खातात. मात्र या जिवाणूंपैकी बहुसंख्यांस लागणारा प्राणवायू सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या वनस्पतींनीच निर्माण केलेला असतो. म्हणून अन्नसाखळीच्या चित्रातील सूर्य पुसण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारी हा लहानसा अपवाद नोंदविला म्हणजे पुरे.

हे ज्ञान कसे मिळाले

एकोणिसाव्या शतकात एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने सुमारे ५५० मीटरांच्या खाली जीवसृष्टी नसावी असा तर्क मांडला होता. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीने तो पुरता खोटा ठरविला. हिंदुस्थानच्या समुद्रांत ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर काम केलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी येथील खोल पाण्यातील माशांची वर्णनात्मक सूची १८९९ साली प्रसिद्ध केली. १९६६ साली स्थापन झालेली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सागरी संशोधनाचे कार्य करीत आहे.

मासा काय खातो हे जाणण्याचा जुना मार्ग म्हणजे त्याचे पोट तपासणे. परंतु यात फसगत होऊ शकते. जाळ्यात कोंडलेला मासा शेजारच्या माशालाच गिळतो, किंवा वर ओढताना वाताशयातील हवा फुगून त्याचे पोट तोंडावाटे बाहेर येते. म्हणून आता पाण्याखालील कॅमेरे व यांत्रिक पाणबुड्या यांच्या निरीक्षणांशी पोटातील पुरावा ताडून पाहतात. एका पुराव्यावर विसंबू नये, हा शास्त्राचा धडा मुलांना येथे सहज देता येतो.

सावकाश वाढणारे मासे आणि मनुष्य

थंड पाणी आणि बेताचे अन्न यांत राहणारे पुष्कळ मासे सावकाश वाढतात. ऑरेंज रफी हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो आणि अंडी घालण्याजोगा होण्यास त्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागतो. १९८० नंतरच्या दशकात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या समुद्रांत त्याची भरमसाट मासेमारी झाली आणि अनेक ठिकाणी त्याची संख्या झपाट्याने घटली. आजोबांच्या काळी जन्मलेला मासा एका दिवसात जाळ्यात येतो, परंतु त्याची जागा भरून येण्यास एक पिढी लागते. तसेच वरून जे पडते तेच खाली खाल्ले जाते, हा नियम मनुष्याने टाकलेल्या कचऱ्यासही लागू आहे. खोल पाण्यातील माशांच्या पोटात आता प्लॅस्टिकचे तुकडे आढळतात.

वर्गातील मांडणी

हा पाठ केवळ सांगून न संपविता पुढील दोन कृती कराव्यात. दोन्हींस खर्च नाही.

पहिली कृती अशी : दहा मुलांना एका ओळीत उभे करून पहिल्याच्या हातात ज्वारीचे १०० दाणे द्यावेत. प्रत्येकाने मिळालेल्या दाण्यांतील साधारण निम्मे ठेवून घ्यावेत आणि उरलेले पुढच्यास द्यावेत. ओळीच्या शेवटी फार तर एखादा दाणा पोहोचतो. पहिला मुलगा म्हणजे समुद्राचा प्रकाशित थर आणि शेवटचा म्हणजे तळ, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. “शेवटच्या मुलाने काय करावे म्हणजे तो जगेल?” असे विचारावे. कमी हालचाल करावी, मिळेल ते खावे, साठवून ठेवावे, स्वतः पुढे जाऊन आणावे, अशी उत्तरे मुले देतील. माशांनीही हेच उपाय अवलंबिले आहेत, हे त्यानंतर सांगावे.

दुसरी कृती : आठवड्याच्या बाजारातून सुका बोंबील आणता आल्यास आणावा. न मिळाल्यास चित्र चालेल. बोंबील किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातील मासा आहे, खोल समुद्रातील नव्हे, हे प्रथम स्पष्ट करावे. परंतु तो आणि तिपाई मासा शास्त्रीय वर्गीकरणात एकाच गणात येतात. त्याचे मोठे तोंड आणि आत वळलेले दात मुलांना दाखवावेत. ताज्या बोंबलाचे अंग किती पाणीदार असते, हे ज्यांच्या घरी तो शिजतो ती मुले आपण होऊन सांगतील. पुस्तकातील दूरच्या प्राण्याचा जवळचा नातलग हाती आला म्हणजे पाठ मनावर ठसतो.

पाठाच्या शेवटी मूळ प्रश्नाकडे परत यावे. खोल समुद्रातील मासे काय खातात? ते एकमेकांस खातात, मेलेले खातात, वरून पडलेले खातात आणि काही मासे रोज रात्री वर जाऊन खातात. परंतु त्यांच्या बहुतेक प्रत्येक घासाचे मूळ शोधीत गेल्यास वाट अखेर उन्हात तरंगणाऱ्या सूक्ष्म हिरव्या वनस्पतीपाशीच पोहोचते. हे उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत दिले म्हणजे पाठाचा हेतू साध्य झाला असे समजावे. आणि ज्या मुलाने प्रश्न विचारला, त्याचे नाव घेऊन वर्गासमोर त्याचे कौतुक करण्यास शिक्षकाने विसरू नये.